युगांडात शाळा बांधायला जाताय? आधी ब्लॉकचे दिवस मोजा

मिशनच्या तुकडीबरोबर दोन आठवडे युगांडात जायचं, खेड्यातल्या शाळेचा एक वर्ग उभा करायचा, जमेल तेवढं शिकवायचं, असा बेत असेल तर आधी कॅलेंडर काढून बसा. माती-सिमेंटचा, यंत्रात दाबून पाडलेला, एकमेकांत अडकणारा ब्लॉक पुरता पक्का व्हायला २८ दिवस लागतात. पोचल्याच्या दिवशी पाडलेला ब्लॉकही तुम्ही परत निघाल तेव्हा कच्चाच असतो. म्हणून तिथल्या फुंडींनी, म्हणजे गवंड्यांनी, ते महिनाभर आधी पाडून ठेवायला हवेत आणि त्यांची मजुरीही तेव्हाच पोचायला हवी.

भट्टीच्या विटेला सरपण लागतं, त्यात झाडं जातात. या ब्लॉकला भट्टी लागत नाही, पण माती पारखावी लागते. मुळं-पाचोळ्याचा वरचा थर काढून टाका. खालचा तांबडा मुरूम (तिथेही त्याला ‘मरम’च म्हणतात) ५-६ मिमीच्या चाळणीतून चाळा. ६० सेंमी लांब, ४ सेंमी रुंद आणि ४ सेंमी खोल अशा लाकडी खोक्याला आतून तेल लावून त्यात ओली माती ठासा. तीन दिवस उन्हात सुकली की ती एका टोकाला सरकवून फट मोजा. १५ मिमीपर्यंत फट असेल तर एक घमेलं सिमेंटला १८ घमेली माती. १५ ते ३० असेल तर १६, ३० ते ४५ असेल तर १४. फट ६०च्या पुढे गेली तर वाळू मिसळा, नाहीतर दुसरी माती शोधा.

सगळ्यात जास्त चुका पाण्यात होतात. आधी कोरडंच कालवून एकसारखा रंग आणा, मग झारीने पाणी शिंपडा. मिश्रणाचा गोळा खांद्याच्या उंचीवरून कठीण जमिनीवर टाका. चार-पाच तुकडे झाले तर ओल बरोबर. भुगा झाला तर पाणी कमी, चपटा होऊन अखंड राहिला तर जास्त. भिजवलेला माल अर्ध्या तासात संपायलाच हवा. उत्साहाच्या भरात मोठा ढीग कालवला की सिमेंट यंत्रात जाण्याआधीच धरायला लागतं. असा ब्लॉक दिसतो छान, पण कडा बोटाने झडतात. पाडलेले ब्लॉक सावलीत, प्लास्टिकखाली ठेवून पहिला आठवडा रोज पाणी मारायचं. रविवारी उपासनेच्या गडबडीत ते हमखास राहतं, म्हणून त्या दिवसाचा माणूस आधीच नेमा.

भिंतीचा पहिला थर तंतोतंत समपातळीत हवा. ब्लॉक एकमेकांत अडकत असल्यामुळे खालची चूक वर मसाल्यात सावरता येत नाही. सूत आणि ओळंबा फुंडीच्याच हाती राहू द्या. आपण चाळावं, वाहावं, पाणी मारावं. १८७८मध्ये बुगांडात (आजच्या युगांडातलं जुनं राज्य) पोचलेला मिशनरी अलेक्झांडर मॅके स्वतः इंजिनियर होता, पण तो १८९०मध्ये मरेपर्यंत आफ्रिकेतच राहिला. दोन आठवड्यांच्या पाहुण्याने तेवढा अधिकार गाजवू नये.

दक्षिण युगांडात डिसेंबर-जानेवारी कोरडे असतात, पण तेव्हा शाळांना सुट्टी. म्हणून ब्लॉक जानेवारीत पाडून घ्या आणि स्वतः फेब्रुवारीत, सत्र सुरू झाल्यावर जा. खेड्यांतल्या शाळांत पहिली ते तिसरी स्थानिक भाषेत चालते आणि चौथीपासून इंग्रजी येते. मुलं अडखळतात ती तिथेच. चौथीच्या वर्गात बसा, पण वर्ग शिक्षकांकडेच राहू द्या. त्यांनी नेमलेला धडा मुलांच्या छोट्या गटांकडून सावकाश, मोठ्याने वाचून घ्या.

पर्यटक व्हिसावर हे काम करता येत नाही, परवान्याचं मिशनशी आधी बोलून घ्या. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या निदान १० दिवस आधी घ्या. तिचं प्रमाणपत्र भारतात परततानाही दाखवावं लागतं.