जर्मनीत घटस्फोट: पैशाचा हिशेब तारखांवर चालतो

जोडीदार जर्मन आणि आपण भारतीय, तर पैशाचे नियम कोणत्या देशाचे लागतात? पासपोर्ट बघून ते ठरत नाही. दोघं जर्मनीत राहत असतील तर घटस्फोट साधारणपणे जर्मन कायद्यानेच होतो. मालमत्तेचं गणित मात्र वेगळं. लग्न 29 जानेवारी 2019 ला किंवा त्यानंतर झालं असेल आणि काही करार केला नसेल, तर लग्नानंतर पहिला संसार जिथे मांडला त्या देशाचा कायदा धरतात. त्यामुळे आधी दोन वर्षं भारतात राहून मग म्युनिकला गेलेल्या जोडप्याला खालची वाटणी बहुधा लागूच होत नाही. वकिलाच्या पहिल्या भेटीत हे आधी विचारा.

जर्मन कायदा लागला तरी सगळं निम्मं-निम्मं होत नाही. ज्याचं त्याचं त्याच्याकडेच राहतं, वाटली जाते ती लग्नानंतरची वाढ. समजा, तुमचे 10 हजार युरोंचे 70 हजार झाले आणि जोडीदाराचे 20 हजारांचे 40 हजार. वाढ 60 आणि 20 हजार, फरक 40 हजार, म्हणजे तुम्ही 20 हजार द्यायचे. शेवटचा आकडा घटस्फोटाचा अर्ज समोरच्याच्या हातात पडतो त्या दिवसाचा धरतात.

आपली माणसं अडकतात ती सुरुवातीच्या आकड्यावर. लग्नाच्या वेळी काय होतं याचा पुरावा नसेल, तर कोर्ट ते शून्य धरून चालतं. तेव्हाचं बँक स्टेटमेंट, एफडीच्या पावत्या, दागिन्यांची बिलं शोधून ठेवा. भारतातली मालमत्ताही हिशेबात येते. वारशाने मिळालेली जमीन सुरुवातीच्या बाजूला जाते खरी, पण मिळाल्यानंतर तिचा भाव महागाईपेक्षा जास्त चढला असेल तर ती चढ वाढीतच मोजतात. गावाकडची जमीन शहरालगत आली असेल तर हा आकडा धक्का देणारा असतो.

लग्नाच्या काळात कमावलेले पेन्शनचे हक्क कोर्ट स्वतःहून अर्धे-अर्धे करतं. लग्न तीन वर्षांपर्यंतचंच असेल तर मात्र कुणी मागणी केली तरच. प्रकरण रखडतं ते बहुतेकदा इथेच, कारण पेन्शन खात्यात जर्मनीला येण्याआधीची वर्षं कोरी असतात आणि त्यांचा खुलासा द्यावा लागतो. भारतातल्या पेन्शनची वाटणी जर्मन कोर्ट करू शकत नाही, पण तिच्यामुळे जर्मन पेन्शनची वाटणी अन्यायकारक ठरत असेल तर तीही ते थांबवू शकतं.

घटस्फोटाआधी साधारण वर्षभर वेगळं राहावं लागतं. एकाच घरात राहूनही हे चालतं, फक्त स्वयंपाक, झोपणं, खर्च सगळं वेगळं हवं. वेगळं झाल्याची तारीख ईमेलने कळवून ठेवा, कारण तिच्यावर बरंच काही टांगलेलं असतं. त्या वर्षापुरता एकत्र कर भरता येतो, पुढच्या 1 जानेवारीपासून करवर्ग (पगारातून किती कर कापायचा ते ठरवणारा गट) बदलतो. म्हणून डिसेंबरअखेरऐवजी जानेवारीत वेगळं होणं कमावत्याला स्वस्त पडतं. जोडीदारामुळे मिळालेला व्हिसा वेगळं झाल्यावरही टिकावा म्हणून लागणारी तीन वर्षंही जर्मनीतल्या एकत्र राहण्याची, म्हणजे याच तारखेपर्यंतची मोजतात. घरगुती हिंसाचारात सूट मिळते. या काळातली पोटगी लेखी मागा. मागणीच्या महिन्याआधीची सहसा मिळत नाही, आणि ‘मला नको’ असं आधीच लिहून दिलेलं चालत नाही.

जोडीदाराच्या सरकारी आरोग्य विम्यात फुकट सामील असाल, तर घटस्फोट अंतिम झाला की तेही संपतं. मग हप्ता स्वतःचा.

खर्च वाचवायला ‘दोघांत एक वकील’ करतात. अर्ज करणाऱ्याला वकील लागतोच, दुसऱ्याने नुसती संमती दिली तर त्याला नाही. पण तो वकील कायद्याने अर्जदाराचाच असतो, तुम्ही दुसऱ्या बाजूला असाल तर तुमचं हित बघणं त्याचं काम नाही.

जर्मन निकालाची रक्कम भारतातून वसूल करायची असेल तर तो निकाल भारतातल्या कोर्टात थेट बजावता येत नाही. ज्या देशांचे निकाल असे थेट बजावता येतात त्यांच्या, भारताच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खालच्या यादीत जर्मनी नाही. निकालाच्या आधारे नवा दावा लावावा लागतो, तोही तीन वर्षांच्या आत.