मग उंदीर मारता कशाला?

रक्ताच्या तपासणीत हार्ट अटॅक कळतो, मग तुम्ही उंदीर मारता कशाला? बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी गणपतीला येणारं कुणी ना कुणी हे विचारतंच. काकू तर आरतीचं तबक हातात धरून मूषकाकडे बोट दाखवते. इतकी वर्षं मी मोदक पुढे करून सुटका करून घेतली. नवी औषधं उंदरांवर तपासणं हे माझं काम. तुम्ही विचारलंत म्हणून, एकदाचं सांगते.

माणूस छातीत दुखतंय म्हणून दवाखाना गाठतो. उंदीर काही बोलत नाही. रक्त कधी काढायचं, हे आम्हीच ताडायचं. जुन्या तपासण्या बेभरवशाच्या. मांडीत सुई टोचली तरी स्नायूंतलं सीके हे एन्झाइम रक्तात वाढतं, रक्त काढताना पेशी फुटल्या की एलडीएच हे दुसरं. हृदयाला इजा झाली की रक्तात उतरणारं ट्रोपोनिन हे प्रथिन मात्र हृदयाचंच. २०१२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्यानेही, प्राण्यांवरच्या चाचण्यांसाठी ते ग्राह्य धरलं. पण माणसात जे कित्येक दिवस चढलेलं राहतं, ते उंदरात एका डोसनंतर काही तासांत चढून दुसऱ्या दिवशी उतरलेलंही असू शकतं.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं, असं लिहायला फार आवडलं असतं. माहीत होतं.

औषध दम्यावरचं होतं, हृदयाचे ठोके वाढवणारं. चार तासांनी आणि चोवीस तासांनी, असं दोनदा ब्लीडिंग, म्हणजे रक्त काढणं, ठरलं होतं. अडीचशे ग्रॅमच्या उंदरात रक्त असतं जेमतेम सोळा मिली. नुकता डोस दिलेला, धपापतोय, त्यालाच पुन्हा भूल देऊन डोळ्यामागे काचेची नळी घालायची? मी चार तासांची ओळ खोडली, शेजारी सही केली. साहेबांनीही हरकत घेतली नाही. तपासणीच्या किटचा खर्च वाचत होता.

चोवीस तासांचं ट्रोपोनिन बिनडोसवाल्या उंदरांसारखंच आलं. 'हृदयावर परिणाम आढळला नाही,' मी मसुद्यात लिहून टाकलं.

पंधरवड्याने पॅथॉलॉजीच्या मॅडमनी बोलावलं, काही न बोलता खुर्ची सोडली. मी मायक्रोस्कोपला डोळे लावले. हृदयाच्या टोकाकडचा, आतल्या बाजूचा भाग. गुलाबी तंतूंवरचे आडवे पट्टे पुसले गेलेले आणि मधे निळ्या ठिपक्यांची ही गर्दी. "कुठल्या गटातला?" मी विचारलं. "तू नॉर्मल लिहिलंयस त्यातला."

स्टडी पुन्हा झाली. आणखी अठ्ठेचाळीस उंदीर.

दया होती हो, खोटं नाही. पण डोस त्या दिवशी दुपारी चारला सुरू झाला होता. चार तासांचं रक्त काढायला रात्रीचे आठ-साडेआठ वाजले असते, आणि नवरात्र होतं. चनियाचोळी गाडीच्या डिकीत होती. ओळ खोडताना माझ्या डोक्यात नक्की काय होतं? त्या वेळची मी अजून शपथेवर सांगते, उंदीरच. मी तिला कधी धरते, कधी सोडते.

आता चार तासांचं रक्त चुकवत नाही. ट्रोपोनिन चढलं तरी हृदय काढतेच, कारण इजा कुठे आणि कशी, हे रक्त सांगत नाही. आणि नाही चढलं तर? तर जास्तच काप घेते. मॅडम म्हणतात, इतके कशाला? काकूही तेच म्हणते, तिच्या भाषेत.