बॉयलरमध्ये स्केल नव्हतंच

कुडाळला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर-गीझरच्या जोडीला हल्ली होमस्टेवाल्यांची एस्प्रेसो मशीनं येतात. बहुतेकांचं दुखणं कॉफीच्या तेलाचं असतं. कॉफीवर गरम पाणी सोडणारा भाग म्हणजे ग्रुप, त्याखालची जाळी, म्हणजे शॉवर स्क्रीन, काढली की मागे काळा चिकट थर आणि खवट वास. गिऱ्हाईक मात्र बिया बदलत बसतं. उरलेला दाब बाहेर सोडणारा थ्री-वे सोलेनॉइड व्हॉल्व्ह असेल तर बिनभोकांची आंधळी बास्केट लावून बॅकफ्लश करायचा, म्हणजे पाणी उलटं फिरवून आतला भाग धुवायचा. तो नसेल तर करूच नये, दाब सुटायला वाट नसते.

देवबागच्या काकींचं मशीन वेगळं निघालं. स्टीमसाठी वेगळा स्टीलचा बॉयलर असलेलं, चांगलं महाग. चालू केलं की घराचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, पडायचा. कंपनीच्या हेल्पलाइनने दर वेळी एकच सांगितलेलं: डीस्केल करा, म्हणजे आत बसलेला चुन्याचा थर, स्केल, ॲसिडच्या पावडरीने काढा. "दर म्हयन्याक पावडरीचा पाणी फिरवलंय, तरी ह्या असा कसा झाला?" काकी विचारत होत्या.

इन्सुलेशन तपासायचा मेगर लावला. हीटर आणि अर्थ यांच्यातलं इन्सुलेशन मेगाओहममध्ये यायला हवं, ते किलोओहमवर आलेलं. बॉयलर उघडला. स्केलच्या पांढऱ्या खपल्या नव्हत्याच. आतला पत्रा लखलखीत, पण वेल्डच्या कडेने टाचणीने टोचावीत तशी भोकं, भोवती तांबूस कडा. हीटरच्या नळीवरही तीच, तिथून पाणी आत जाऊन वीज गळत होती. हे मिठातल्या क्लोराइडचं काम. स्टीलवरचा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा ते जागोजागी फोडतं, उष्णतेत आणखी जोरात. शिवाय स्टीम बॉयलरमधून वाफ जाते, मीठ मागेच राहतं. रोज थोडं पाणी गरम पाण्याच्या नळातून सोडून दिलं नाही, तर आतलं पाणी खारटच होत जातं.

देवबाग म्हणजे एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र. उन्हाळ्यात विहिरी मचूळ होतात. काकींनी पाण्याचा रिपोर्ट दाखवला: क्लोराइड लिटरला 210 मिलिग्रॅम, पिण्यास योग्य. बरोबरच आहे, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक 10500 मध्ये स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम आहे. पण मशीन बनवणाऱ्या काही कंपन्या 30 च्या आत मागतात. त्यात तो नमुना पावसाळा संपताच घेतलेला, मे महिन्याचा नव्हे.

हेल्पलाइनवाल्यांचा मला खरंच राग येतो. पाणी कुठलं, हे एकदाही विचारलं नाही. चुनखडी पाण्याच्या शहरांसाठी लिहिलेला सल्ला किनाऱ्यावरच्या बाईला वाचून दाखवायचा! सायट्रिक ॲसिड चुन्याचा थर विरघळवतं, मिठाला काही करत नाही. कार्बन फिल्टरही क्लोरीन धरतो, क्लोराइड सोडून देतो.

एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. आतली पितळी फिटिंग्ज गुलाबी पडली होती, म्हणजे पितळातलं जस्त निघून गेलेलं. खायला चुनाच नसताना दर महिन्याला फिरलेल्या ॲसिडने ते केलं, की खाऱ्या पाण्याने? दोन्हींनी होतं. पितळ पुन्हा पुन्हा बघितलं, वाटणी काही जमली नाही.

हीटर आणि फिटिंग्ज बदलली. बॉयलरची भोकं आरपार गेलेली नाहीत, पण वर्षाने उघडून बघावाच लागेल. आता आरओचं पाणी आणि त्यात चिमूटभर पोटॅशियम बायकार्बोनेट, कारण निव्वळ आरओच्या पाण्यात क्षार फार कमी असले तर पातळी ओळखणाऱ्या कांडीला, लेव्हल प्रोबला, पाणी कळतच नाही आणि बॉयलर भरतच राहतो. पावडर बंद. "मे महिन्यात टँकरचा घालू?" काकींनी विचारलं. म्हटलं, आधी बाटलीभर पाठवा, तपासून सांगतो.