टीसी एक, अ‍ॅडमिशन दोन

मूळ टीसी एकाच माणसाला एकदाच मिळते, हे एका खिडकीवर पटवून देण्यात माझे तीन आठवडे गेले. आठवलं की अजून डोकं तापतं.

मी जळगावला मॉलिक्युलर बायॉलॉजीत एमएस्सी करते आणि संध्याकाळी जर्मनचा डिप्लोमा. एमएस्सीचं अ‍ॅडमिशन दोन दिवसांत झालं. अडलं ते जर्मनला. फॉर्म, मार्कशीट, फोटो सगळं बघून कारकून म्हणाले, "ओरिजिनल टीसी लावा." म्हटलं, ती एमएस्सीला जमा आहे. "मग एक अ‍ॅडमिशन रद्द करा ताई, दोन ठिकाणी शिकता येत नाही."

येतं! यूजीसीने एप्रिल २०२२ मध्येच परवानगी दिलीय. दोन्ही कोर्स वर्गात बसून करायचे तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत, एवढंच. मोबाइलवर पत्र दाखवलं, तर "आमच्याकडे असं काही आलं नाही." एमएस्सीच्या ऑफिसात टीसी परत मागितली, तर तिथेही अ‍ॅडमिशन रद्द करण्याचा फॉर्म पुढे केला. असे चार हेलपाटे झाले. पारोळ्याहून सकाळची एसटी धरायची, नंबर लागेपर्यंत जेवणाची सुट्टी, आणि दुपारी साहेब मीटिंगला. फी भरायला चार दिवस उरले तेव्हा मी तिथल्या बाकड्यावर बसून रडले. घरी बाबांचं एकच, "व्हई जाई." त्यांच्यावरही चिडले.

सोडवलं आमच्या विभागप्रमुख मॅडमनी. टीसीच्या झेरॉक्सवर 'मूळ प्रत आमच्याकडे जमा आहे' असं लिहून सही-शिक्का दिला. सोबत बोनाफाइड आणि शिक्का मारलेलं वेळापत्रक दिलं: आमचं कॉलेज पाचला सुटतं, जर्मनचा तास सहाला. मी यूजीसीच्या पत्राची प्रिंट जोडली, लेखी अर्ज केला आणि आवक-जावकमध्ये देऊन पोच घेतली. तिसऱ्या दिवशी फोन आला, फी भरा म्हणून. तोंडी विचारत बसू नका. तोंडी नकाराची नोंद कुठेच राहत नाही, अर्जाला मात्र उत्तर द्यावं लागतं.

टीसी जमा करायच्या आधीच तिच्या पाच-सहा साक्षांकित प्रती काढून ठेवा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

एवढा आटापिटा कशाला, असं नातेवाईक विचारतात. मामांची रावेरला केळी आहे. हरण्या रोगात त्यांनी उभी झाडं उपटून फेकली, ते मी पाहिलंय. हा रोग व्हायरसमुळे होतो. तो व्हायरस मावा ही कीड पसरवते आणि त्याचा जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय माहिती, आरएनएचा, म्हणून तपासताना आधी आरएनएवरून डीएनए बनवायचा, मग पीसीआर, म्हणजे मशीनमध्ये त्या डीएनएच्या भरपूर प्रती काढायच्या. हे काम मला पुढे जर्मनीत जाऊन नीट शिकायचंय. आणि जर्मनला घाबरू नका. तीन लिंगं आपल्याला लहानपणापासून येतात, विभक्तीही आपण शाळेत पाठ केलेल्या. 'वाइल', म्हणजे 'कारण', आलं की पुढचं क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, अगदी मराठीसारखं. पहिल्या महिन्यात मला हेच सगळ्यात आधी जमलं, फार बरं वाटलं.

एक राहिलंच. संध्याकाळचा जर्मनचा तास गाठायचा तर प्रॅक्टिकलच्या दिवशी पीसीआर दीडच्या आत लावा. मशीनला दोन तास, मग डीएनएचे तुकडे वेगळे करणाऱ्या जेलीसारख्या थराला, म्हणजे जेलला, तासभर, आणि त्यात डीएनएचा पट्टा (बँड) दिसल्याशिवाय लॅबमधून पाय निघत नाही.