तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या बॉक्सला ओरिजिनल पार्टच घालायचे का?

महिन्यातनं दोघं-तिघं तरी हे विचारतात. गिटारच्या जुन्या अँपचा स्पीकर बॉक्स दुरुस्तीला आणलेला असतो, आणि तो खाली ठेवायच्या आतच प्रश्न येतो, "काका, ओरिजिनल पार्ट घालूनच करायचं न्हवं?" दुकानात उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

परवाचंच सांगतो. शुक्रवार पेठेतला एक मुलगा टेम्पोतनं मार्शल कंपनीचा बॉक्स घेऊन आला. आत बारा इंची चार स्पीकर, मागं '१९६०' लिहिलेलं. हे साल नव्हे, मॉडेलचा नंबर आहे. मार्शलचे अँपच १९६२ पासूनचे, त्यामुळं '६० सालचा बॉक्स' म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर देऊ नका. मुलाचे वडील ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. ते आता नाहीत. "पप्पांचा हा बॉक्स केशवराव भोसलेमध्ये वाजलाय, काका. आता ते थिएटरपण जळालं," तो म्हणाला. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली उभं राहिलेलं कोल्हापूरचं ते नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं, तेव्हा आमच्या गल्लीत रात्री कुणी झोपलं नव्हतं. त्यामुळं तो काय मागतोय ते मला कळत होतं. त्याला चारी स्पीकर त्याच काळातले, त्याच कंपनीचे पाहिजे होते. बाहेरनं मागवायची तयारी होती, पैशाचीही होती.

मी मागची फळी काढली. वरचे दोन सेलेस्टियन कंपनीचे, जी-१२-एम मॉडेलचे, मॅग्नेटवर हिरवी टोपी असलेले. खालच्या उजव्याचा कोन, म्हणजे पुढं हलणारा कागदी पडदा, कधीतरी बदललेला, कडेला गोंदाची जाड रेघ दिसत होती. खालचा डावा मात्र बिननावाचा, इथंच कुठंतरी मिळालेला. आणि फळीच्या आतल्या बाजूला बॉलपेननं लिहिलेलं, "खालचा डावा बदलला". मुलानं अक्षर लगेच ओळखलं. बराच वेळ तो त्यावर बोट ठेवून उभा होता.

आता तपासणी. दोन्ही अंगठ्यांनी कोन अलगद, सरळ आत दाबायचा आणि कान जवळ न्यायचा. कॉइल, म्हणजे कोनाच्या मागचं तारेचं वेटोळं, घासत असेल तर खर्र असा बारीक आवाज येतो. मग विजेला होणारा अडथळा ओहममध्ये मोजणारा मीटर लावायचा. १६ ओहमचा धडधाकट स्पीकर मीटरवर १२-१३ दाखवतो, ८ ओहमचा ६-७. मग दीड व्होल्टचा सेल टेकवून बघायचं, चारी कोन एकाच दिशेला हलतात का. एक जरी उलटा जोडला असेल तर खर्ज कुठं गेला ते शोधत बसाल.

वरचे दोन्ही उत्तम निघाले. एकाला कडेजवळ बोटभर चीर होती. पतंगाचा पातळ कागद आणि पाणी घालून सैल केलेला फेविकॉल, एवढ्यानं ती बसली. खालचा उजवाही स्वच्छ वाजत होता. खालचा डावा निघाला ८ ओहमचा, आणि खरी गडबड तिथं होती. या बॉक्समध्ये १६ ओहमचे दोन-दोन स्पीकर एकापाठोपाठ जोडून त्या दोन जोड्या समांतर केल्या होत्या. सगळे १६ चे असले की बेरीज पुन्हा १६ येते आणि भार चौघांवर सारखा पडतो. एका जोडीत १६ शेजारी ८ आला की त्या १६ च्यावर शेजाऱ्याच्या दुप्पट पॉवर जाते. म्हणजे चुकीचा पार्ट स्वतः मजेत राहतो आणि शेजारच्या जुन्याला मारतो. २५ वॅटच्या त्या म्हाताऱ्या स्पीकरनं एवढी वर्षं हे कसं सोसलं, माझं मलाच नवल वाटलं.

माझं मत इथं येतं. जे वाजतंय ते हलवायचं नाही. जे गेलंय, किंवा दुसऱ्याला मारतंय, ते बदलायचं, आणि बदलताना नवा घेतला तर काही पाप लागत नाही. तो मुलगा बाहेरनं मागवणार होता तो स्पीकर कुठनं येतो? कुणाचा तरी असाच बॉक्स फोडून. चार स्पीकर सुटे विकले की जास्त पैसे मिळतात म्हणून धडधाकट बॉक्स मोडले जातात. तसला स्पीकर आपल्या बॉक्समध्ये घातला तर तो 'त्या काळातला' होईल, 'ओरिजिनल' होणार नाही. या बॉक्सशी त्याचं काही नातंच नाही. जी-१२-एम आजही नवा मिळतो, १६ ओहममध्ये मिळतो. तोच घ्या म्हटलं.

एवढं ठाम मी सुरुवातीपासून नव्हतो. वीसेक वर्षांपूर्वी गडहिंग्लजच्या एका गृहस्थांनी बारा इंची दोन जेन्सनचे स्पीकर असलेला अँप आणला होता. कोनच्या कडा थोड्या उसवलेल्या, एवढंच. मी दोन्ही कोन फाडून काढले आणि नवे बसवले, काम चकचकीत दिसावं म्हणून. त्यांनी एक सूर लावला, थांबले, परत लावला. "चांगलं झालंय, पण हा आवाज माझा नाही," म्हणाले. भांडले नाहीत. जुने कोन तोवर कचऱ्याच्या गाडीतनं गेले होते. सांगाड्यावरचा २२० पासून सुरू होणारा सहा आकडी नंबर मी तेव्हा नुसता पुसून घेतला होता. पुढं कळलं की २२० म्हणजे जेन्सन, नंतरचा एक आकडा सालाचा आणि शेवटचे दोन आठवड्याचे. कागदाचा कोन वर्षानुवर्षं हलून मऊ पडतो, कडा सैलावते, वरचा कर्कशपणा जातो. ते नव्या कोनात पहिल्या दिवशी येत नाही. शिवाय कोनाचं वजन बदललं की स्पीकरचा स्वभाव बदलतो. याच जी-१२-एमचे ५५ हर्ट्झचे आणि ७५ हर्ट्झचे (म्हणजे खालच्या आणि त्याहून वरच्या सुरावर घुमणारे) कोन वेगळे असत, एक बेस गिटारसाठी, दुसरा लीडसाठी. मॅग्नेट तोच, आवाज निराळा. तेव्हापासून काढलेला कुठलाही तुकडा मी फेकत नाही, पिशवीत घालून मालकाच्या हातात देतो.

लाकडाचं वेगळं आहे. प्लाय सुटला असेल तर गोंद भरून शिकंजात आवळा, पण बॉक्स नवा करू नका; चार फळ्या पण स्पीकरबरोबर वाजत असतात. एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुकटीच्या फळीचा, केला तर जड होईल आणि मुका वाटेल. अपवाद पुराचा. २०१९ च्या महापुरात पाण्यात राहिलेले काही बॉक्स माझ्याकडं आले होते. प्लायचे बरेचसे वाचले. भुशाच्या बोर्डाचे चहात बुडवलेल्या खारीसारखे फुगले होते, त्यांचा हट्ट धरला नाही. गाळ शिरलेले कोनही गेले.

वायर, जॅक, चाकं, मुठी बिनधास्त बदला. जॅक सैल राहिला आणि वाजवताना सुटला तर व्हॉल्वच्या (काचेच्या नळ्यांच्या) अँपचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. रेक्झिन फाटलं असेल तेवढंच चिकटवा. जाळीचं कापड शाबूत असेल तर हात लावू नका.

तो मुलगा दोन दिवसांनी परत आला. "नवाच घाला," म्हणाला. स्पीकर यायला तीन आठवडे लागले. वडिलांनी बसवलेला ८ ओहमचा स्पीकर कापडी पिशवीत बांधून त्याच्याकडं दिला. फळी लावायच्या आधी त्यानं माझ्याकडनं पेन मागून घेतलं आणि वडिलांच्या ओळीखाली लिहिलं, "खालचा डावा परत बदलला, १६ ओहम", आणि तारीख घातली.