मोठा काटा 12 वर गप्प का उभा असतो?

घड्याळाची टिकटिक ऐकू येते, पण मधला लांब सेकंद काटा हलत नाही, बिघडलंय का? मेकॅनिकल क्रोनोग्राफ (बॅटरीऐवजी स्प्रिंगवर चालणारं, स्टॉपवॉच असलेलं घड्याळ) नव्याने हातात आला की हा प्रश्न ठरलेला. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: तो स्टॉपवॉचचा काटा आहे. रोजचे सेकंद छोट्या तबकडीत धावतात, बहुधा 9 च्या बाजूला. ती चालू, तर घड्याळ चालू.

मग तो कायम पळता ठेवला तर? स्टॉपवॉचला स्वतःची स्प्रिंग नसते, ते घड्याळाच्याच स्प्रिंगवर जगतं. 2 च्या बाजूचं बटण दाबलं की बऱ्याच रचनांत एक चाक आडवं सरकून चालत्या चाकाच्या दातांत अडकतं. दात दातावर आला तर सुरुवातीला काटा जरा उडी मारतो, तो दोष नव्हे. पण या वाढीव ओझ्याने बॅलन्सचा, म्हणजे वेळ राखणाऱ्या झुलत्या चाकाचा, झोका कमी होतो आणि वेळेत फरक पडू शकतो. उभ्या क्लचच्या, म्हणजे चाकं दातांऐवजी एकमेकांवर दाबून जोडणाऱ्या, यंत्रांत हा त्रास फारसा नाही. बाकीच्यांत काम झालं की काटा थांबवावा.

म्हणूनच किल्ली पूर्ण हवी. अर्धवट किल्लीवर स्टॉपवॉच चालवलं तर झोका आणखी पडतो. घड्याळ मनगटावरून काढा. हातात असताना क्राउन (किल्ली द्यायची कडेची गुंडी) फिरवला की दांड्याला तिरका ताण बसतो. क्राउन आट्यांचा असेल तर आधी उलटा फिरवून सोडवा, शेवटी दाबून परत घट्ट करा, नाहीतर पाणी आत जाईल. हाताने किल्ली देण्याच्या घड्याळात साधारण 30 ते 40 फेऱ्यांनी क्राउन अडतो. अडला की थांबा, 'अजून एक' नको. ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीने आपोआप किल्ली भरणारं) अडतच नाही, कारण भरलेली स्प्रिंग आतल्या आत घसरते. बंद पडलेल्याला 25-30 फेऱ्या द्या आणि मनगटावर चढवा. रात्री 9 ते पहाटे 3 या वेळेत तारखेला हात लावू नका. तेव्हा तारखेचे दात गुंतलेले असतात.

बटण बिचकत दाबू नका. एका दमात, शेवटपर्यंत. आणि क्रम चुकवू नका: 2 चं बटण दाबून थांबवा, मगच 4 चं दाबून शून्यावर आणा. फ्लायबॅक (चालता काटा थेट शून्यावर आणून लगेच पुन्हा सुरू करणारी घड्याळं) सोडून इतर घड्याळांत चालता काटा 4 च्या बटणाने परत आणायचा नसतो; जोर केलात तर आतले लिव्हर दुखावतात.

शून्यावर येणं हा प्रकार बघण्यासारखा आहे. काट्याच्या दांड्यावर पत्त्यांतल्या बदामासारखी चकती असते. हातोडी तिच्या कडेवर आपटते, कड घसरत घसरत खाचेपाशी येते आणि काटा तत्क्षणी 12 वर. रोज तो एकाच जागी, पण 12 च्या अलीकडे-पलीकडे थांबत असेल, तर बहुधा काटाच दांड्यावर सरकलेला असतो. क्वार्ट्झमध्ये (बॅटरीच्या घड्याळात) हे बटणांनी जुळवता येतं. इथे घड्याळ उघडून काटा काढून नव्याने बसवावा लागतो.