उन्हाळ्यातली अंडी मशीनमध्ये जायच्या आधीच मरतात

एप्रिल-मे महिन्यात इन्क्युबेटरमधून, म्हणजे कोंबडीची अंडी उबवायच्या मशीनमधून, पिल्लं कमी निघाली की सगळा राग मशीनवर निघतो. त्याआधी एवढं आठवा, की ती अंडी बसवण्यापूर्वी कुठे ठेवली होती?

साधारण 21 अंशांच्या वर अंड्यातला गर्भ हळूहळू वाढायला लागतो. टिनाच्या छपराखाली 40 अंशांत पडलेलं अंडं दुपारी तापतं, पहाटे निवतं, आणि गर्भ अर्धवट वाढून तिथंच मरतो. म्हणून उन्हाळ्यात अंडी दिवसातून तीनदा गोळा करा. घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, माठाजवळ, टोपल्याला बाहेरून ओलं फडकं गुंडाळून ठेवा. अंडी मात्र ओली होऊ देऊ नका, धुऊही नका. धुतलं की कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि जंतू आत शिरतात. 15 ते 18 अंशांत अंडी सात दिवस टिकतात. एवढी थंडावा देणारी जागा नसेल, तर तीन दिवसांच्या वरची अंडी खायलाच वापरा.

पंखा असलेल्या मशीनमध्ये तापमान 37.5 ते 37.8 अंश हवं. पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीवर 38.5 च्या आसपास. आता नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, खोलीच 42 अंशांवर असेल, तर थर्मोस्टॅट (तापमान सांभाळणारं बटण) ऊब देणारा बल्ब बंद करेल, पण थंड कशाने करेल? कूलर मशीनला नव्हे, खोलीला लावा. खोली 32 च्या खाली राहिली पाहिजे. थर्मामीटर खरा की खोटा हे तापाच्या थर्मामीटरशी ताडून बघा, हे तापमान त्याच्याच टप्प्यात येतं.

दमटपणाचं गणित मोसमाप्रमाणे बदलतं. पहिले 18 दिवस मशीनमध्ये 50 ते 55 टक्के हवा. पावसाळ्यात खोली 28 अंश आणि दमटपणा 90 टक्के असेल, तर तीच हवा 37.5 ला तापल्यावर सुमारे 53 टक्के भरते. म्हणजे पाण्याची वाटी ठेवायचीच नाही! उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत हाच आकडा 20 च्या आसपास येतो, तेव्हा दोन वाट्याही कमी पडतात. पाण्याची खोली वाढवून फायदा नाही, पसरट भांडं घ्या. पाण्याची वाफ पृष्ठभागातून होते. दमटपणा मोजणारं मीटर तपासायचं असेल तर बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन जरा ओलं करा, मीटरसोबत बंद डब्यात आठ तास ठेवा. 75 दाखवायला हवं. फरक आला तेवढा लक्षात ठेवा.

अंडं आडवं, किंवा बोथट बाजू वर. दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा, म्हणजे रात्रीची लांब वेळ रोज एकाच बाजूवर जात नाही. सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून बघा: कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर ठीक, नुसतं लाल कडं दिसलं तर गर्भ मेला. ते अंडं लगेच काढा, मशीनमध्ये फुटलं तर सगळ्यांना त्रास.

लाइन गेली तर पहिल्या दोन आठवड्यांत झाकण बंद ठेवा. दोन-तीन तास थंडी गर्भ सोसतो, 40 च्या वरची गर्मी सोसत नाही. चौदाव्या दिवसानंतर अंडी स्वतःच उष्णता देतात, तेव्हा पंखा बंद असला की हवेची भोकं उघडी ठेवा.

अठराव्या दिवशी फिरवणं बंद. दमटपणा 65 ते 70. त्यानंतर झाकण उघडलं की कोरडी हवा आत शिरते, अंड्यातली पातळ त्वचा आकसून पिल्लाला घट्ट चिकटते. पहिल्या टोचीपासून पूर्ण बाहेर यायला 12 ते 24 तास लागू शकतात. कवच सोलून मदत करू नका, रक्त येतं. बाहेर आलेलं पिल्लू पोटातल्या बलकावर दोन दिवस सहज जगतं, त्यामुळे घाई नको, पिसं फुलू द्या.

न फुटलेली अंडी बाविसाव्या दिवसानंतर फोडून बघा. पूर्ण वाढलेलं पिल्लू पाण्यात लथपथ असेल तर दमटपणा जास्त झाला. कोरडं, त्वचेला चिकटलेलं असेल तर कमी. शिरांचा पत्ताच नसेल तर अंड्यांची साठवण बघा, नाहीतर कोंबडा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरी धडधाकट हवा.